उन्हाळी बाग : प्रस्तावना

घरगुती बागकामावर मराठीत लिहिणाऱ्या ग्रंथकारांचा ओढा आजवर प्रायः हिवाळ्याकडेच राहिला आहे, आणि त्यात नवल करण्यासारखे काही नाही. कारण दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या चार महिन्यांत शेवंती, गुलाब आणि डेलिया ही मंडळी अल्पशा मशागतीच्या मोबदल्यात अशी काही फुलून येतात, की नवशिक्यालाही आपण या विद्येत पारंगत झालो असे वाटू लागते. चैत्र उजाडला की हा भ्रम ओसरतो. पाने करपतात, कुंड्यांच्या कडा मातीपासून सुटतात, सकाळी घातलेले पाणी दुपारपर्यंत कोठे गेले याचा पत्ता लागत नाही, आणि मार्गदर्शनासाठी पुस्तक उघडावे तर उन्हाळ्यासंबंधी तेथे दोन-चार ओळी आढळतात, ज्यांचा मथितार्थ ‘पाणी भरपूर द्यावे’ एवढाच असतो. प्रस्तुत पुस्तक हा त्या दोन-चार ओळींचा विस्तार आहे, आणि ‘भरपूर’ या हुकमाचा प्रतिवादही.

या उपेक्षेचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या बागकामाच्या आधुनिक परंपरेच्या जन्मवृत्तान्तात सापडेल असे मला वाटते. मुंबई इलाख्यात शास्त्रीय उद्यानविद्येची पायाभरणी ज्यांनी केली ते बहुतेक इंग्रज अंमलदार होते. पुण्याचे एम्प्रेस गार्डन जिच्या व्यवस्थेखाली आहे ती ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ १८३० साली स्थापन झाली; गणेशखिंडीची वनस्पतिबाग १८७३ ची; आणि त्याच बागेवर देखरेख करणाऱ्या वुड्रो साहेबांनी हिंदुस्थानातील बागकामावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेकांच्या संग्रही असे. या मंडळींचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यांच्या मनातली आदर्श बाग ही मायदेशच्या वसंताची आठवण होती, आणि ती आठवण येथे साकार होण्याजोगा काळ म्हणजे आपला हिवाळा. शिवाय उन्हाळा सुरू झाला, की मुंबई सरकारचा सारा सरंजाम महाबळेश्वरास मुक्कामाला जात असे. बंगल्यांच्या मागे राहत ते माळी, आणि त्या तापलेल्या महिन्यांत झाडे कशी जगवावी याचे सर्व ज्ञान त्या माळ्यांच्याच ठायी होते. मात्र त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. आजही पुण्यातील मोठे पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते. एप्रिलात आपली बाग लोकांस दाखवण्याची छाती कोणास होत नाही.

तथापि उन्हाळ्याची विद्या आपल्या समाजात नव्हती असे मात्र नाही. ती ग्रंथांत नव्हती, घराच्या कारभारात होती. कोकणातले किंवा देशावरचे जुने घर घेतले तर त्यात शोभेची स्वतंत्र बाग क्वचितच असे. परंतु मोरीचे पाणी जेथून बाहेर पडे तेथे अळू, त्याच्या पुढे कर्दळ आणि शेवटी केळ अशी परसाची योजना जवळपास ठरलेली असे, आणि तीत पाण्याचा एकही थेंब मुद्दाम खर्ची पडत नसे. वैशाखात तुळशीवृंदावनावर तळाशी बारीक छिद्र पाडलेले मडके टांगून गळती लावण्याची चाल धर्माच्या नावाखाली चालत आली, पण थेंबाथेंबाने मुळाशी पाणी पोचवण्याचे जे तंत्र आज नळ्यांच्या जाळ्यांनी शेतोशेती पसरले आहे त्याचे बीज तीत स्पष्ट दिसते. अक्षय्य तृतीयेला आळी घालून वेलभाज्यांच्या बिया लावण्याच्या रिवाजामागेही हाच व्यवहार आहे : पावसाआधी महिना-सव्वा महिना थोड्याशा पाण्यावर रोप तग धरून राहिले, की मृगाच्या सरींचा पुरेपूर लाभ त्यास मिळतो. त्याहूनही जुना दाखला हवा असेल तर सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’कडे वळावे. तिच्यातील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात नव्याने लावलेल्या झाडांस उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन कोरडी पडली तरच पाणी द्यावे असे सांगितले आहे. किती पाणी, यापेक्षा केव्हा, याचा विचार या वचनात आधी येतो. आणि वेळेचे हे अग्रस्थान पुढील सर्व विवेचनातही मी कायम ठेवले आहे.

‘महाराष्ट्राचा उन्हाळा’ असे आपण एकवचनात म्हणतो, ती केवळ बोलण्याची सोय झाली. रत्नागिरीस मे महिन्यात पारा ३२-३३ अंशांपुढे फारसा जात नाही. परंतु रात्रही २४-२५ अंशांखाली उतरत नाही आणि हवा ओलसर, घाम आणणारी असते. पुण्यास एप्रिलात दुपारी ३८-३९ अंशांवर चढलेला पारा पहाटे २०-२१ अंशांपर्यंत खाली येतो. म्हणजे दिवसभर गांजलेल्या झाडाला सावरण्यासाठी रात्रीची चांगली मुदत मिळते. नागपुरास अशी मुदत नसते. तेथे मे महिन्यात ४२-४३ अंश हे नित्याचे, ४५ अंशांपलीकडचे दिवसही अपूर्व नव्हेत, आणि २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला, की नवतपाच्या झळांत रात्रीदेखील भिंती उष्णता ओकत राहतात. कोकणातील बागाईतदार ज्या उन्हात अनंत आणि सोनचाफा निर्धास्त ठेवतो, त्याच महिन्यातील विदर्भाच्या उन्हात ही झाडे उघड्यावर ठेवणे ही क्रूरता होय. सबब या पुस्तकातील प्रत्येक सूचना कोणत्या प्रदेशासाठी आहे हे तिथल्या तिथे नमूद केले आहे, आणि जेथे तसे केलेले नाही तेथे ती देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यास अनुलक्षून आहे असे वाचकांनी समजावे.

आता पाण्याच्या जमाखर्चाकडे वळू. या विषयाचा गाभा तोच आहे. देशावर एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पात्रातील पाणी दिवसाला सात-आठ मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही अधिक, आटते. एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. यावरून हिशेब केला, तर फूटभर व्यासाच्या कुंडीच्या तोंडावाटे दिवसाकाठी जाणारे पाणी अर्ध्या लिटरच्या आसपास भरते. झाडाचा विस्तार कुंडीच्या दुप्पट-तिप्पट असेल तर खर्च दीड लिटरपर्यंत जाईल. त्याहून जे अधिक ओतावे ते बुडच्या छिद्रातून निघून जाते, आणि जाताना मातीतले विद्राव्य नत्रही बरोबर नेते. असे असता उन्हाळा कडक आहे म्हणून बादली उपडी करणारा गृहस्थ झाडाला पाणी पाजत नसून खत धुऊन काढीत असतो. पाणी अधिक देण्यापेक्षा दिलेले पाणी राखण्याची तजवीज करणे, हेच उन्हाळी बागकामाचे मुख्य कर्तव्य असे माझे मत आहे.

राखावयाचे ते कसे, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्यातच मिळालेले आहे. हवामान खात्याने १९३२ साली पुण्यास कृषिहवामानाची शाखा सुरू केली. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या उष्णतेचा जो बारीक अभ्यास केला, तो एखाद्या ललित लेखकालाही हेवा वाटावा इतक्या साध्या प्रश्नांवर उभा आहे : काळी जमीन किती तापते, आणि तिचा रंग बदलला तर काय होते? उन्हाळ्यातील दुपारी पुण्याच्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो, म्हणजे सावलीतील हवेहून वीस-पंचवीस अंश अधिक. रामदास आणि त्यांचे सहकारी द्रविड यांनी अशा जमिनीच्या एका तुकड्यावर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला. त्याबरोबर पृष्ठभागाचीच नव्हे, तर कित्येक इंच खोलवरच्या मातीची उष्णताही लक्षात येण्याइतकी उतरली. ही गोष्ट १९३६ साली प्रसिद्ध झाली. सडकेच्या कडेच्या झाडांच्या बुंध्यांना सरकारी हुकमाने चुन्याचे व गेरूचे पट्टे ओढलेले आपण नित्य पाहतो. त्यांतील चुन्याच्या शुभ्रतेचा एक उपयोग साल उन्हाने भाजू न देणे हाच आहे. तेव्हा ज्याच्या कुंड्या काळ्या प्लास्टिकच्या आहेत त्याने त्यांना बाहेरून पांढरा रंग द्यावा, किंवा निदान जुन्या धोतराचा फेर गुंडाळावा. मुळे भाजली जातात ती वरून नव्हे, पश्चिमेच्या उन्हाने तापलेल्या कुंडीच्या भिंतीवरून.

आच्छादनाचे महत्त्वही यातूनच कळते. उसाचे पाचट, वाळलेली पाने, नारळाच्या शेंड्या, शेंगांची टरफले, जे घरात वा परिसरात फुकट मिळेल त्याचा दोन-तीन इंचांचा थर मातीवर पसरावा. बुंध्याभोवती बोटभर जागा मोकळी ठेवावी, एवढेच पथ्य. गच्चीवरील बागेला वरच्या उन्हापेक्षा खालची फरशी अधिक छळते. ती दुपारी तापते आणि रात्रीपर्यंत तापलेलीच राहते. म्हणून कुंड्या विटांवर किंवा लाकडी फळीवर उचलून ठेवाव्यात, आणि एकएकट्या मांडण्याऐवजी दाटीवाटीने, मोठ्या झाडांच्या सावलीस लहान झाडे येतील अशा बेताने एकत्र आणाव्यात. वर ५० टक्क्यांची शेडनेट बांधणे हल्ली सहज शक्य झाले आहे. परंतु जेथे सवड असेल तेथे मधुमालतीचा किंवा कृष्णकमळाचा मांडव मला अधिक पसंत आहे, कारण जाळी केवळ ऊन अडवते, वेल मात्र बाष्प सोडून भोवतालची हवाही निववतो. चार दिवस परगावी जाणाऱ्यांसाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे न भाजलेल्या नव्हे, तर भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मडक्याचा : ते गळ्यापर्यंत मातीत पुरून पाण्याने भरावे व वर झाकण ठेवावे. माती कोरडी असेल तोवर पाणी तिच्या ओढीने झिरपत राहते. माती ओलावली की झिरपणे आपोआप मंदावते. शेजाऱ्याच्या औदार्यावर विसंबण्यापेक्षा हे बरे, कारण शेजारी एकतर विसरतो किंवा प्रेमाने झाड बुडवतो.

झाडाचेही स्वतःचे काही शहाणपण असते, आणि उन्हाळ्यात ते ओळखता आले पाहिजे. भर दुपारी भोपळ्याची किंवा जास्वंदीची पाने मलूल होऊन लोंबली म्हणजे घरातील माणूस घाबरून पाण्याचा लोटा घेऊन धावतो. वस्तुतः मुळांना जितके पाणी ओढता येते त्याहून अधिक पानांतून उडत आहे, एवढाच त्या मलूलपणाचा अर्थ असतो, आणि माती ओली असूनही तो दिसतो. संध्याकाळी पाने पुन्हा ताठ झाली तर झाडाची तक्रार नाही असे समजावे. सकाळीही ती मान टाकून असतील तरच पाणी कमी पडले, किंवा, जे तितकेच संभवनीय आहे, अतिपाण्याने मुळे कुजली. काही वनस्पतींनी तर या ऋतूशी फार जुना करार करून टाकलेला आहे. कोरफड, निवडुंग, पानफुटी ही झाडे दिवसा आपली पर्णरंध्रे मिटून घेतात व हवेतील कार्बन वायू रात्री आत घेऊन आम्लाच्या रूपाने साठवतात. त्यामुळे पानफुटीचे पान पहाटे चाखले तर आंबट लागते आणि दुपारनंतर बेचव. ही गोष्ट बेंजामिन हाइन नावाच्या, मद्रासकडे कंपनी सरकारच्या चाकरीत असलेल्या वनस्पतिज्ञाने हिंदुस्थानातच पानफुटीची पाने चघळून ध्यानी आणली आणि १८१५ साली ती छापून प्रसिद्ध झाली. तिचा पूर्ण उलगडा होण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला, पण आरंभ झाला तो एका चौकस माणसाच्या जिभेपासून.

यापुढे जाऊन असे म्हणावेसे वाटते, की काही झाडांस उन्हाळ्यात पाणी न देणे हीच त्यांची सेवा होय. विदर्भातील संत्र्याचे बागाईतदार मृग बहार धरण्यासाठी एप्रिल-मे महिन्यांत बागेचे पाणी तोडतात. याला ते ताण देणे म्हणतात. झाडाची वाढ थांबते, पाने थोडीफार गळतात, आणि जूनचा पाऊस मुळांपर्यंत पोचला की फांद्या फुलांनी लदबदतात. परसातल्या कागदी लिंबाला हाच न्याय लागू पडतो. वर्षभर इमानेइतबारे पाणी पिऊन एकही फूल न देणाऱ्या लिंबाविषयी जे गाऱ्हाणे घरोघर ऐकू येते त्याचे कारण पुष्कळदा त्या इमानेइतबारे घातलेल्या पाण्यातच असते. अर्थात कुंडीतल्या लिंबाला ताण देताना हात आखडता ठेवावा, कारण जमिनीतील मुळांना खाली जाण्यास वाव असतो, कुंडीतील मुळांना तो नसतो. बोगनवेलीची गोष्ट तर सर्वश्रुत आहे. तिला लाड सोसत नाहीत. मोगऱ्याचा ताण मात्र उन्हाळ्यापूर्वीच उरकलेला हवा : मार्गशीर्ष-पौषात पाणी कमी करून, पाने झडू देऊन, छाटणी करून मग खत आणि पाणी दिले, तर फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत कळ्यांचे बहर एकामागून एक येत राहतात, आणि त्या काळात त्याला पाण्याची उणीव भासू देऊ नये. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे यांच्या जोडीला घरच्या मोगऱ्याची फुले देता येणे, यासारखे बागकामाचे प्रशस्तिपत्रक दुसरे नाही. ज्यांना ते मिळाले नाही त्यांनी छाटणीचे प्रकरण वाचावे.

उन्हाळ्यात फुले नसतात, हाही असाच एक पसरलेला गैरसमज आहे. रस्तोरस्ती बहावा आणि गुलमोहर, आणि आपल्या राज्याचे फूल म्हणून मान पावलेला तामण, हे सारे याच दिवसांत रंगतात. घरच्या कुंडीतही सदाफुली, अबोली, गुलबक्षी यांचा भरवसा धरता येतो. मे महिन्याच्या मुहूर्तावर, एरवी मातीत निद्रिस्त असलेल्या कंदातून मे-फ्लॉवरचा लाल चेंडू वर येतो, तो पाहून मुले हरखतात. पोर्चुलाकाला आपल्या लोकांनी ‘ऑफिस टाइम’ हे नाव बहाल केले आहे. दहा-साडेदहाच्या कडक उन्हात उमलून कचेरीच्या वेळा पाळणारे हे फूल पश्चिमेच्या भाजणाऱ्या बाल्कनीतही टवटवीत राहते. असे असताना एप्रिल महिन्यात पिटुनियाची रोपे विकत घेऊन, ती आठवड्यात वाळली म्हणून नशिबाला दोष देणाऱ्यांविषयी मला सहानुभूती वाटत नाही. हिरवळीविषयी तर माझे मत याहूनही कडवट आहे. दहा फूट लांब व तितक्याच रुंद हिरवळीच्या तुकड्याला देशावरच्या उन्हाळ्यात दिवसाला साठ-पासष्ट लिटर पाणी लागते. ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी पुरवण्याचे प्रमाण जलजीवन योजनेत सरकारने ठरवले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या तुकड्यावर कोणाचा वाटा खर्ची पडतो हे निराळे सांगावयास नको. चैत्रात हिरवळ पिवळी पडू द्यावी. तिची मुळे जिवंत असतात. पावसात ती पुन्हा पालवते.

यावर कोणी विचारील, की टँकरच्या फेऱ्या मोजून दिवस काढणाऱ्या वस्तीत बाग ठेवावी तरी का? हा प्रश्न मी गंभीर मानतो. पिण्याच्या पाण्यावर बाग पोसण्याचा अधिकार कोणास आहे असे मला वाटत नाही. परंतु तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी कोणत्याही स्वयंपाकघरातून रोज कित्येक लिटर निघते, आणि वर दिलेल्या हिशेबाने आच्छादित व सावलीतल्या आठ-दहा कुंड्यांची निकड त्यात भागते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे घरातील व परिसरातील काडीकचऱ्यापासून माती तयार करण्याचा, आणि थोड्या जागेत, मोजक्या पाण्यावर भरघोस पिके घेण्याचा जो ध्यास घेतला, त्याने महाराष्ट्रातील शहरी बागेला एक नवी दिशा दिली. नुसती माती भरलेल्या कुंडीपेक्षा पालापाचोळ्याने भरलेली कुंडी हलकी असते आणि ओलावाही अधिक काळ धरून ठेवते, हा अनुभव आता पुष्कळांना आला आहे. कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्यांनी मात्र सावध असावे. त्यातले क्षार कुंडीच्या कडेला पांढऱ्या पापुद्र्याच्या रूपाने साचतात व पानांची टोके जाळतात. अशा कुंड्या महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवून काढणे, एवढ्यापुरता मी पाण्याच्या उधळपट्टीला परवानगी देतो.

किडींविषयी येथे फार लिहीत नाही, त्यांना स्वतंत्र प्रकरण आहे. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण यांचा अंमल वाढतो. पानांच्या खालच्या अंगावर सकाळी पाण्याचा जोराचा फवारा मारणे हा पहिला आणि पुष्कळदा शेवटचाही उपाय ठरतो. त्यानेही न भागल्यास पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा. दुपारी फवारू नये, पाने जळतात.

पुस्तकाची मांडणी चैत्र ते मृग अशी काळाच्या क्रमाने केली असली, तरी ते पहिल्या पानापासून वाचलेच पाहिजे असे नाही. ज्याच्या हाती ते माघ-फाल्गुनात पडेल त्याने आच्छादन, सावली आणि कुंड्यांची मांडणी ही तिन्ही प्रकरणे आधी वाचून बेगमी करावी. ज्याच्या हाती ते भर वैशाखात पडेल त्याने तो सारा भाग तूर्त बाजूस ठेवावा, कुंड्या बदलण्याच्या, खत घालण्याच्या वा छाटणीच्या भरीस पडू नये, तापलेल्या झाडाला ती ढवळाढवळ सोसवत नाही. त्याने सरळ पाण्याच्या वेळांचे प्रकरण उघडावे आणि उद्याच्या पहाटेपासून कामास लागावे. आणि वळवाच्या पहिल्या सरीने माती भिजलेली पाहून नवी रोपे लावण्याची ज्यांना घाई होते, त्यांनी आधी खुरप्याने वीतभर खाली उकरून पाहावे. ती तेथे बहुधा कोरडीच आढळेल.